मॉडिंगच्या टूल्सची राखण

संगणकावरच्या खेळात खेळणाऱ्यांनी स्वतः केलेल्या बदलाला मॉड म्हणतात. नवी तलवार, नवे गाव, सुधारलेला संवाद, मूळ खेळाइतके लांब नवे कथानक असे काहीही मॉडमध्ये येऊ शकते, आणि खेळणाऱ्यांचे कौतुकही मॉडच्याच वाट्याला येते. पण हे मॉड ज्यांच्या आधाराने बनतात आणि चालतात ती टूल्स वेगळी असतात. खेळाच्या फाइली उघडून दाखवणारी, शेकडो मॉड एकत्र नांदतील अशी मांडणी करणारी, इंजिनात मुळात नसलेल्या सोयी त्यात घालणारी ही सॉफ्टवेअर बहुतेक वेळा खेळ बनवणाऱ्या कंपनीची नसतात. मोजक्या स्वयंसेवकांनी ती फावल्या वेळात लिहिलेली आणि फुकट वाटलेली असतात. पूर्ण झालेला मॉड वर्षानुवर्षे कोणी न बघता पडून राहिला तरी पुष्कळदा चालतो. टूलचे तसे नसते. त्याला वरचेवर कोणाचा तरी हात लागला तरच ते जिवंत राहते. हा हात कोण लावतो, त्याच्यावर कोणते ओझे पडते आणि तो थांबला की टूलचे काय होते, हा या पुस्तकाचा विषय आहे.

अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या बेथेस्डा गेम स्टुडिओजच्या खेळांभोवती अशी टूल्स जितकी वाढली तितकी फार थोड्या ठिकाणी वाढली असतील. ‘मॉरोविंड’ (२००२), ‘ऑब्लिव्हियन’ (२००६), ‘फॉलआउट ३’ (२००८), ‘स्कायरिम’ (२०११) आणि ‘फॉलआउट ४’ (२०१५) या खेळांचे मॉडर आजही कामात आहेत. कंपनीने मॉरोविंडबरोबरच ‘कन्स्ट्रक्शन सेट’ हे संपादनाचे टूल दिले. स्कायरिमचे ‘क्रिएशन किट’ फेब्रुवारी २०१२ मध्ये आले. ही मोठी देणगी होती. त्याआधी, १९९३ च्या ‘डूम’ने नकाशे आणि चित्रे मूळ प्रोग्रॅमपासून वेगळ्या फाइलींत ठेवली होती. त्या फाइलींची रचना खेळणाऱ्यांनी स्वतः शोधली आणि १९९४ च्या सुरुवातीलाच डूमचा नकाशा संपादित करणारे टूल बनवले. बेथेस्डाच्या मॉडरांना सुरुवात तरी तयार टूलपासून करता आली.

अधिकृत टूल जिथे थांबते तिथून स्वयंसेवकांचे काम सुरू होते. क्रिएशन किटने एक मॉड बनवता येतो; दोनशे मॉड एकत्र कसे चालवायचे याचे उत्तर त्यात नाही. स्कायरिमचे इंजिन प्रत्येक प्लगिन फाइलला षोडशमान पद्धतीचा दोन अंकी क्रमांक देते, त्यामुळे साध्या प्लगिनांची मर्यादा २५५ वर येऊन ठेपते. त्यातही दोन प्लगिनांनी एकाच नोंदीला हात लावला, तर यादीत नंतर येणारा जिंकतो आणि आधीच्याचे काम मुकाट्याने पुसले जाते. एका मॉडने दुकानदाराकडचा माल बदलला आणि दुसऱ्याने त्याच दुकानदाराचा चेहरा, तर दोन्ही बदल टिकतीलच असे नाही. हा संघर्ष नोंदीनोंदीने उघडून दाखवणारे ‘एक्सएडिट’, दोन मॉडचे बदल जुळवून एकत्रित पॅच तयार करणारे ‘राय बॅश’ आणि प्लगिनांचा क्रम लावणारे ‘लूट’ ही तिन्ही टूल्स बाहेरच्यांनी बनवली. लूटच्या मुळाशी ‘मास्टरलिस्ट’ नावाची यादी आहे. कोणता मॉड कोणाच्या नंतर हवा, कोणाला कोणता पॅच लागतो, कोणत्या मॉडमध्ये खराब नोंदी आहेत, हे माणसांनी एकेक मॉड तपासून तिच्यात लिहिलेले असते. नवा मॉड आला किंवा जुन्याची आवृत्ती बदलली की यादीत भर घालावी लागते. हे काम संपत नाही, आणि त्यात मिरवण्यासारखे फारसे काही नसते.

खेळातल्या त्रिमित आकृत्यांची गोष्ट याहून कठीण. त्या एनआयएफ नावाच्या स्वरूपात साठवलेल्या असतात. हे स्वरूप नेटइमर्स आणि पुढे गेमब्रायो या विकत मिळणाऱ्या इंजिनातले. त्याचे वर्णन सर्वांसाठी उघड नव्हते. निफटूल्स या गटाने फाइलींचे बाइट तपासत, अंदाज बांधत आणि चुकलेले अंदाज खोडत त्याची रचना उलगडली. या गटाचे सर्वांत मोलाचे काम कोणतेही एक टूल नाही. ते म्हणजे एक्सएमएलमध्ये लिहिलेली एक वर्णन-फाइल, जिच्यात एनआयएफमधला प्रत्येक घटक, त्याचे भाग आणि आवृत्तीनुसार होणारे फरक नोंदलेले आहेत. आकृती उघडून दाखवणारे ‘निफस्कोप’ त्याच वर्णनावर चालते. डोक्यातले ज्ञान असे कागदावर उतरले नसते, तर नव्याने आलेल्या प्रत्येकाला पहिल्या बाइटपासून सुरुवात करावी लागली असती.

पण याच गटाची पुढची वाट बघितली की देखभालीचे पहिले ओझे कळते: टूल स्वतः न बदलताही मोडते, कारण त्याच्या पायाखालची जमीन सरकते. आकृत्या ब्लेंडर या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन परत खेळात पाठवण्यासाठी निफटूल्सची पायथन भाषेतली जोडणी होती, आणि ती ब्लेंडर २.४९ वर नीट चालत होती. ब्लेंडरने २.५ च्या मालिकेत पायथनशी बोलण्याची सगळी पद्धत नव्याने रचली. ब्लेंडरसाठी तो शहाणपणाचाच निर्णय होता, पण निफटूल्सची जोडणी त्यामुळे जवळजवळ मुळापासून लिहावी लागणार होती, आणि लिहिणारे हात थोडे होते. परिणामी बाकीचे जग पुढे गेले तरी बेथेस्डाच्या खेळांचे मॉडर कित्येक वर्षे २.४९ ची जुनी प्रत जपून वापरत राहिले. नवे काम कुठे आकार घेते न घेते तोच जुलै २०१९ मध्ये ब्लेंडर २.८० आले आणि जोडणीच्या पद्धती पुन्हा बदलल्या. राय बॅशवरही असाच प्रसंग आला. ते पायथन २ मध्ये लिहिलेले होते आणि १ जानेवारी २०२० पासून त्या भाषेचा अधिकृत आधार संपला. साऱ्या जुन्या कोडचे पायथन ३ मध्ये स्थलांतर करणे भाग पडले. वापरणाऱ्याला या श्रमातून एकही नवी सोय दिसत नाही. टूल कालच्यासारखे आजही चालते, एवढेच त्याचे फळ.

दुसरे ओझे कंपनीच्या वेळापत्रकाचे आहे, आणि स्वयंसेवकांना थकवण्यात त्याचा वाटा मोठा आहे. स्कायरिमसाठीचे ‘एसकेएसई’ हे त्याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण. याला स्क्रिप्ट एक्स्टेंडर, म्हणजे विस्तारक, म्हणतात. खेळ सुरू होताना ते त्याच्या स्मृतीत शिरते, ठरावीक पत्त्यांवरची मूळ फंक्शने गाठते आणि स्क्रिप्टच्या भाषेत नसलेल्या शेकडो सोयी तिथे जोडते. सामानाची यादी नव्याने मांडणाऱ्या ‘स्कायूआय’ या लोकप्रिय मॉडपासून पुढे असंख्य मॉड त्याच्यावर उभे आहेत. पण हे पत्ते खेळाच्या एकाच विशिष्ट आवृत्तीचे असतात. कंपनीने मुख्य प्रोग्रॅम पुन्हा तयार केला, त्यात एका ओळीचा फरक असला तरी, पत्ते सरकतात आणि एसकेएसई बंद पडते.

ऑक्टोबर २०१६ मध्ये स्कायरिमची ६४-बिट ‘स्पेशल एडिशन’ आली, तेव्हा एसकेएसई जवळजवळ नव्याने बांधावे लागले आणि त्याची पहिली चाचणी आवृत्ती यायला सुमारे वर्ष लागले. त्या वर्षभरात हजारो खेळाडूंना जुना खेळ सोडवेना. २०१७ मध्ये कंपनीने ‘क्रिएशन क्लब’ हे विकतच्या भरीचे दुकान उघडले. त्यासाठीच्या अपडेटबरोबर मुख्य प्रोग्रॅम वारंवार बदलू लागला आणि दर वेळी विस्तारकाच्या गटाला पत्ते पुन्हा शोधावे लागले. यावर समाजातूनच एक तोड निघाली. ‘ॲड्रेस लायब्ररी’ नावाच्या संग्रहात प्रत्येक फंक्शनला कायमचा क्रमांक दिला गेला आणि खेळाच्या प्रत्येक आवृत्तीत तो क्रमांक कोणत्या पत्त्यावर आहे याची सारणी ठेवली गेली. मॉडरने पत्त्याऐवजी क्रमांक वापरला की आवृत्ती बदलली तरी त्याचा प्लगिन पुन्हा लिहावा लागत नाही. सारणी तेवढी नवी लागते. फार विचारपूर्वक केलेली ही रचना नोव्हेंबर २०२१ पर्यंत टिकली. खेळाच्या दहाव्या वर्धापनदिनी आलेल्या आवृत्तीत कंपनीने प्रोग्रॅम नव्या कंपायलरने तयार केला. आधी स्वतंत्र असलेली काही फंक्शने दुसऱ्यांच्या पोटात विरून गेली, मग त्यांचे क्रमांक जुन्या यादीशी जुळणार कसे? अपडेट येण्यापूर्वीच विस्तारकाच्या गटाने हा धोका जाहीरपणे समजावून सांगितला होता. तरी पुढचे कित्येक महिने मॉडिंगचे जग जुन्या आणि नव्या आवृत्तीत दुभंगलेले राहिले, आणि खेळ जुन्या आवृत्तीवर परत नेणारी टूल्सच लोकप्रिय झाली.

‘फॉलआउट ४’च्या बाबतीत २०२४ मध्ये हेच पुन्हा घडले. ‘फॉलआउट लंडन’ हा संपूर्ण नवे शहर उभे करणारा प्रचंड मॉड २३ एप्रिलला येणार होता. कंपनीने दोन दिवसांनंतर, म्हणजे २५ एप्रिलला, मोठे अपडेट आणण्याचे जाहीर केले. वर्षानुवर्षे राबलेल्या स्वयंसेवकांना प्रकाशन पुढे ढकलावे लागले, आणि अखेर २५ जुलैला मॉड आला तोही जुन्या आवृत्तीवर चालणारा. खेळ कंपनीचा आहे, तो सुधारण्याचा तिचा हक्क कोणी नाकारत नाही. पण आपल्या खेळाचे आयुष्य वाढवणाऱ्या माणसांना पुरेशी आगाऊ सूचना आणि चाचणीची प्रत देणे हे फार खर्चाचे काम नाही, आणि ते वेळेवर न करणे समर्थनीय ठरत नाही.

टूल मोडले की पहिला राग त्याच्या लेखकावर निघतो. खेळ बंद पडतो तेव्हा पडद्यावर कंपनीचे नाव नसते. विस्तारकाची आवृत्ती जुळत नसल्याचा संदेश असतो. मग एकच प्रश्न शेकडो जण विचारतात, लॉग-फाइल न जोडता ‘चालत नाही’ एवढेच कळवतात, नवी आवृत्ती कधी येणार हे रोज विचारतात. कोड लिहिण्याचा आनंद टूलच्या लेखकाला या कामाकडे आणतो. उत्तरे देण्याचा शीण त्याला इथून घालवतो.

म्हणून वारशाचा प्रश्न या विषयाच्या केंद्राशी आहे. ‘मॉड ऑर्गनायझर’ची हकीकत त्या दृष्टीने बोलकी आहे. हे टूल मॉडच्या फाइली खेळाच्या फोल्डरमध्ये टाकतच नाही. खेळाला मात्र त्या तिथेच आहेत असा आभास करून देते, त्यामुळे मूळ खेळ शुद्ध राहतो आणि कोणताही मॉड एका क्लिकने बाजूला करता येतो. त्याच्या लेखकाला ‘नेक्सस मॉड्स’ या मॉड वाटणाऱ्या संकेतस्थळाने २०१६ मध्ये स्वतःच्या नव्या व्यवस्थापकाच्या कामासाठी नोकरी दिली. त्यातून ‘व्होर्टेक्स’ तयार झाले. मॉड ऑर्गनायझरची दुसरी, ६४-बिट खेळांसाठीची आवृत्ती तेव्हा अर्धवट होती. ती तिथेच मेली असती. पण तिचा सोर्स कोड जीपीएल परवान्याखाली खुला होता. कोणाची परवानगी न मागता दुसऱ्या स्वयंसेवकांनी तो उचलला, पूर्ण केला, आणि आज स्कायरिमच्या मोठ्या मॉड-याद्या प्रामुख्याने त्याच्यावर चालतात. राय बॅशचा मूळ लेखक बाजूला झाल्यावरही टूल असेच पुढच्या गटाकडे गेले. लूटनेही ‘बॉस’ या आधीच्या टूलचे काम आणि त्यामागचा अनुभव पुढे चालवला. ‘स्टारड्यू व्हॅली’ या खेळाचे मॉड चालवणारे ‘एसएमएपीआय’ एका लेखकाने सुरू केले आणि दुसऱ्याने वाढवले. या साऱ्यांत समान धागा पैशाचा नाही. कोड खुला होता, परवाना स्पष्ट होता, आणि पुढच्या माणसाला समजेल इतके लिहून ठेवलेले होते.

परवाना स्पष्ट नसेल तर काय होते, हे ‘माइनक्राफ्ट’च्या ‘बकिट’ प्रकल्पाने दाखवले. अनेकांनी मिळून खेळण्याच्या सर्व्हरवर प्लगिन चालवण्यासाठी २०१० च्या अखेरीस तो सुरू झाला आणि लवकरच बहुसंख्य सर्व्हर त्याच्यावर उभे राहिले. फेब्रुवारी २०१२ मध्ये स्वीडनच्या मोजांग कंपनीने त्याच्या प्रमुख सदस्यांना नोकरीवर घेतले. अधिकृत प्लगिन-व्यवस्था बनवण्याचा इरादा होता; ती कधीच आली नाही. बकिटचा भार उरलेल्या स्वयंसेवकांवर पडला. ऑगस्ट २०१४ मध्ये थकलेल्या प्रमुखाने प्रकल्प बंद करत असल्याचे जाहीर केले, तेव्हा मोजांगने सांगितले की २०१२ च्या व्यवहारातच प्रकल्पाची मालकी आपल्याकडे आली आहे. दोन वर्षे विनामूल्य राबलेल्यांना हे तेव्हा कुठे कळत होते. पुढच्याच महिन्यात एका प्रमुख सहकाऱ्याने कॉपीराइटची नोटीस बजावली. आपला कोड जीपीएल कुळातील परवान्याखाली दिलेला आहे आणि तो कंपनीच्या बंदिस्त कोडमध्ये मिसळून वाटला जात आहे, असा त्याचा आक्षेप होता. तांत्रिकदृष्ट्या तो मिसळलेला होताच. बकिटच्या ‘क्राफ्टबकिट’ या सर्व्हर-प्रोग्रॅमचे वितरण थांबले. त्याच्यावर आधारलेल्या ‘स्पिगॉट’ने यातून वाट काढली ती अशी की तयार प्रोग्रॅम वाटायचाच नाही, एक छोटे टूल द्यायचे, जे वापरणाऱ्याच्याच संगणकावर मूळ सर्व्हर उतरवून त्याला पॅच लावते. डूमचा अनुभव याच्या बरोबर उलट आहे. आयडी सॉफ्टवेअरने डिसेंबर १९९७ मध्ये इंजिनचा कोड दिला आणि १९९९ मध्ये तो जीपीएलखाली आणला. त्यामुळे त्या कोडवर उभ्या राहिलेल्या ‘झेडडूम’चे काम जानेवारी २०१७ मध्ये थांबले तरी त्यातून निघालेले ‘जीझेडडूम’ चालू राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये जीझेडडूममध्ये एआयने लिहिलेल्या कोडवरून वाद झाला, तेव्हा अनेक सहकारी ‘यूझेडडूम’ हा फाटा काढून कामाला लागले. माइनक्राफ्टचे मॉड चालवणाऱ्या ‘फोर्ज’मधून २०२३ मध्ये ‘निओफोर्ज’ वेगळे झाले तेही याच मोकळिकीमुळे. फाटाफूट क्लेशाची असते, पण तीत काम तरी वाचते.

पैशाच्या वाटा शोधून झाल्या आहेत. एप्रिल २०१५ मध्ये व्हॉल्व आणि बेथेस्डाने स्कायरिमचे मॉड विकण्याची सोय केली. मॉडरला किमतीचा चौथा हिस्सा मिळणार होता. विरोध इतका झाला की चार दिवसांत योजना मागे घेतली गेली. त्या वेळचा एक व्यावहारिक प्रश्न अजून सुटलेला नाही: विकत घेतलेला मॉड फुकटच्या टूलवर उभा असेल, तर त्या टूलच्या लेखकाचे देणे काय? पुढे क्रिएशन क्लब आणि २०२३ पासूनची निवडक मॉडरांना विक्रीची मुभा देणारी व्यवस्था आली, पण दुकानात ठेवता येते ती खेळात दिसणारी वस्तू. स्क्रिप्ट एक्स्टेंडर कन्सोलवर चालतच नाही. तो त्या दुकानात बसत नाही. नेक्ससने २०१८ पासून डाउनलोडच्या प्रमाणात मॉडरांना गुण आणि त्यांतून मोबदला द्यायला सुरुवात केली, काही लेखक नियमित देणग्याही घेतात. या रकमांनी उत्साह टिकतो, नोकरी सोडता येत नाही.

विश्वासाचा मुद्दा अलीकडे टोकदार झाला. मॉड आणि टूल म्हणजे अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम आपल्या संगणकावर चालवणे. जून २०२३ मध्ये ‘फ्रॅक्चरायझर’ नावाचा घातक कोड माइनक्राफ्टच्या मॉडमध्ये आणि प्लगिनमध्ये मिसळून पसरला. संगणकावरच्या इतर मॉड-फाइलींतही तो शिरत होता आणि पासवर्ड चोरत होता. त्याची चिरफाड करून तपासणीचे टूल बनवले ते मुख्यतः स्वयंसेवकांनीच, आणि तेही अत्यंत घाईने.

कंपनीने मनात आणले तर देखभालीचे ओझे किती हलके होते, याचीही उदाहरणे आहेत. माइनक्राफ्टच्या कोडमधली नावे मुद्दाम अगम्य केलेली असत. प्रत्येक आवृत्तीत ती ओळखून अर्थपूर्ण नावे देण्याचे किचकट काम समाज २०१० पासून करत होता. सप्टेंबर २०१९ मध्ये मोजांगने नावांची अधिकृत सारणी देऊ केली आणि २०२५ मध्ये कोड अगम्य करणेच थांबवणार असल्याचे जाहीर केले. स्टारड्यू व्हॅलीच्या मार्च २०२४ मधील १.६ आवृत्तीत खेळाच्या निर्मात्याने मॉडरांच्या सोयीचे बदल मुद्दाम करवून घेतले. आधी टूलला कसरत करून साधाव्या लागणाऱ्या कित्येक गोष्टी खेळानेच उचलल्या.

आणि कंपनीवर अवलंबून राहणेच संपवायचे, हा शेवटचा मार्ग ‘ओपनएमडब्ल्यू’ने २००८ पासून धरला आहे. मॉरोविंडचे संपूर्ण इंजिन नव्याने लिहायचे. खेळाची चित्रे, आवाज आणि कथा मात्र खेळाडूने विकत घेतलेल्या मूळ प्रतीतून घ्यायच्या. या काळात प्रकल्पाने प्रोग्रॅमिंगची भाषा बदलली, चित्रण करणारी लायब्ररी बदलली, नेतृत्वही बदलले. जुलै २०२५ मध्ये त्याची ०.४९ ही आवृत्ती आली. कंपनीचे कोणतेही अपडेट आता त्याला मोडू शकत नाही. मात्र मूळ इंजिनाच्या स्मृतीत शिरून चालणाऱ्या ‘एमडब्ल्यूएसई’वर लिहिलेले मॉड ओपनएमडब्ल्यूमध्ये चालत नाहीत. त्याने स्वतःची ल्युआ भाषेतली स्क्रिप्ट-व्यवस्था उभी केली आहे. मॉरोविंडसाठी आज स्क्रिप्ट लिहायला बसणाऱ्या मॉडरला या दोहोंतले एक घर निवडावे लागते किंवा एकच मॉड दोनदा लिहावा लागतो.